सबुरी, सोमवार आणि अब्बांचा खोकला

मागच्या उन्हाळ्यात शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात आम्हाला 'रेझिलियन्स' शिकवण्यात आलं. पडद्यावर रबराच्या चेंडूचं चित्र होतं. चेंडू जितका जोरात आपटेल तितका उंच उसळतो, आपली मुलं अशी घडली पाहिजेत, असं प्रशिक्षक बाई सांगत होत्या. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, म्हणून चहाच्या सुट्टीत त्यांनी मलाच गाठलं. मॅडम, याला मराठीत काय म्हणायचं?

मी पटकन 'लवचिकता' म्हटलं आणि लगेच ते नको वाटलं. लवचीक फांदी असते, लवचीक धोरण असतं. मग 'चिवटपणा' सुचला, पण चिवट आपण मटणाला म्हणतो, हरळीला म्हणतो. 'सोशिक' म्हटलं की मला लग्नाच्या बोलण्यातली मुलगी आठवते. "मुलगी सोशिक आहे हो," हे वाक्य मी स्वतःबद्दल ऐकलेलं आहे, आणि ते ऐकताना पडद्यामागे उभी राहून ट्रेमधले कप मोजलेले आहेत. शेवटी मी 'सबुरी' म्हटलं. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. त्यांना ते साईबाबांमुळे ओळखीचं होतं.

सबुरी हा आपल्या मराठीतला जुना रहिवासी. मूळ अरबी 'सब्र', फारसीतून 'सबूरी' होऊन इकडे आला आणि इथलाच झाला. आजाराची आपली बरीचशी भाषा याच वाटेने आली आहे, हे वर्गात सांगितलं की मुलं चकित होतात. आजार म्हणजे फारसीत त्रास, यातना. तब्येत म्हणजे 'तबीअत', माणसाचा मूळ स्वभाव. इलाज, दवा, हकीम, हिंमत, कमजोर, नाजूक. "तब्येत कशी आहे?" असं आपण विचारतो तेव्हा अक्षरशः विचारत असतो की तुझा स्वभाव कसा आहे. शरीर आणि स्वभाव असे एका शब्दात गुंफले गेले, की 'माझी तब्येत बरी नाही' म्हणणं म्हणजे मीच कुठेतरी कमी पडलो, असं कबूल केल्यासारखं वाटायला लागतं. निदान आमच्या घरात तसं वाटायचं.

माझे अब्बा परळच्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात होते. खेड तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावातून साठीच्या दशकात आले. चाचा आधीच गिरणीत होते, त्यांनी जॉबरला भेटवलं आणि बदली कामगार म्हणून लावलं. आम्ही लालबाग आणि परळच्या मधल्या एका चाळीत राहायचो. मजल्यावर आमचं एकच मुसलमान घर, बाकी सगळे मालवणी आणि घाटावरचे. अब्बांची तब्येत चांगली आहे असं सगळेच म्हणायचे. म्हणजे काय, तर ते कधी खाडा करायचे नाहीत. बाकी त्यांना खोकला होता. रोज रात्री गुळाचा खडा तोंडात धरून झोपायचे. कापूस गुळाने उतरतो, असा त्यांचा विश्वास होता. पण खोकला म्हणजे तब्येत नव्हे. खोकला म्हणजे खोकला.

हा हिशेब एकट्या अब्बांचा नव्हता, परळचा होता. तो कुठून आला हे शोधायचं तर थोडं मागे जावं लागतं.

परळमध्ये गव्हर्नर राहायचा, हे आज तिथल्या वाहतुकीत उभं राहून खरं वाटत नाही. पोर्तुगीज काळातल्या एका जुन्या ख्रिस्ती मठाची इमारत वाढवत वाढवत तिथे गव्हर्नमेंट हाऊस झालं होतं. भोवती बाग, तलाव. 1882 च्या जानेवारीत गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांची पत्नी त्या बंगल्यात कॉलऱ्याने गेली. त्यानंतर गव्हर्नरांनी परळ सोडलं आणि मलबार हिलला मुक्काम हलवला. परळची हवा वाईट, असं ठरलं. पण त्याच वर्षांत गिरण्यांची धुराडी परळ-लालबागकडे सरकत होती आणि कोकणातून, घाटावरून हजारो माणसं त्याच हवेत राहायला येत होती. त्यांच्या बाबतीत हवेचा विचार झाला नाही. कोकणी माणूस काटक, घाटी माणूस दणकट, त्याला काही होत नाही, अशी समजूत होती. साहेबाचं शरीर नाजूक, म्हणून त्याची काळजी घ्यायची. कामगाराचं शरीर टिकाऊ, म्हणून त्याला वापरायचं. टिकाऊपणाचं कौतुक पहिल्यांदा कोणी केलं हे पाहिलं की त्या कौतुकाचा भाव कळतो.

मग 1896 आला. सप्टेंबरात मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला, आणि काही महिन्यांत शहराची निम्म्याच्या आसपास वस्ती पळून गेली. व्हाल्डेमार हाफकिन ऑक्टोबरात मुंबईत आले, भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना थोडीशी जागा मिळाली, आणि तीन महिन्यांत त्यांनी लस तयार केली. 10 जानेवारी 1897 ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दुखलं, उतरलं. पुढे आगाखान तिसरे यांनी स्वतः लोकांसमोर लस टोचून घेतली आणि आपला बंगला हाफकिनना कामासाठी दिला, तेव्हा खोजा जमातीतले लोक रांगेने आले. आणि 1899 मध्ये हाफकिनची प्रयोगशाळा कुठे गेली? परळच्या त्याच सोडून दिलेल्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये. 1925 पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात. एक ज्यू शास्त्रज्ञ, एक इस्माइली इमाम आणि एक जुना ख्रिस्ती मठ. आमच्या परळच्या इतिहासात अशा गोष्टी कोणी मुद्दाम जुळवून आणत नाही, त्या तशाच पडलेल्या असतात.

पण प्लेगची दुसरी बाजूही आहे, आणि ती शाळेत शिकवताना मला नेहमी अडखळायला होतं. 29 ऑक्टोबर 1896 ला सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. आजचं कस्तुरबा रुग्णालय ते हेच. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, अशी धास्ती होती. मार्च 1898 मध्ये मदनपुऱ्यात जुलाह्यांच्या वस्तीत एका आजारी मुलीला तपासायला पथक आलं. जुलाहे म्हणजे अवधकडून आलेले मोमीन विणकर. 1857 च्या आगेमागे हातमागाचा धंदा बुडाला म्हणून ते इकडे आले होते. घरच्यांनी मुलीला हात लावू दिला नाही. बघता बघता दंगल पेटली, गोळीबार झाला, माणसं मेली, आणि दुसऱ्या दिवशी शहरातले कष्टकरी धर्म न विचारता कामावरून उठले.

सरकारी कागदांत याला अडाणीपणा म्हटलंय. आमच्या काही लेखकांनी उलट टोकाला जाऊन याला स्वातंत्र्यलढा केलंय. मला दोन्ही पटत नाही. पथकाला अडवल्यामुळे मुलीचा आजार बरा होणार नव्हता आणि लशीला नकार दिल्याने माणसं मेलीच. पण एक गोष्ट मला त्यात दिसते. एरवी बारा-तेरा तासांची पाळी, गळकी खोली, जॉबरचा हप्ता हे सगळं मुकाट सोसणारी माणसं इथे सोसायला तयार नव्हती. आपल्या घरातल्या आजारी माणसाचं काय करायचं, हे आम्हाला विचारल्याशिवाय ठरवता येणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. सरकारनेही नंतर नमतं घेतलं. जमातींना आपापली प्लेगची इस्पितळं चालवायला मुभा दिली गेली, आणि तिथे लोक आपणहून जायला लागले. तेव्हा विरोध औषधाला फारसा नव्हताच.

आमच्याकडे त्या वेळी एक मुद्दा हमखास निघायचा, करोनातही तो मोहल्ल्यात निघाला. रोग अल्लाहकडून येतो, मग पळायचं कशाला, सब्र करा. यावर एक जुनी हकिकत आहे. खलिफा उमर शामच्या दौऱ्यावर निघाले होते. वाटेत कळलं की पुढे प्लेग आहे. इतिहासात तो अम्वासचा प्लेग म्हणून ओळखला जातो, सन 639 च्या सुमाराचा. उमर मागे फिरले. सेनापती अबू उबैदांनी विचारलं, अल्लाहच्या नियतीपासून पळता? उमरांचं उत्तर असं होतं की एका नियतीतून दुसऱ्या नियतीकडे जातो आहे, तीही अल्लाहचीच. अबू उबैदा आपल्या माणसांसोबत तिथेच राहिले आणि प्लेगने गेले. मुसलमान दोघांनाही आदराने आठवतात. म्हणजे सब्र म्हणजे नेमकं काय, हा वाद पहिल्या पिढीतच होता, तो आज मौलवीसाहेबांनी एका वाक्यात मिटवावा असा नाही.

हजरत अय्यूब (अ.) हे तर सब्राचंच दुसरं नाव. पण आपण त्यांची गोष्ट सांगताना एक तपशील गाळतो. कुरआनातले अय्यूब गप्प बसत नाहीत. मला त्रास होतोय, असं ते आपल्या रबला साफ सांगतात, आणि तरीही त्यांना साबिर म्हटलंय. अरबीत 'सब्र'चा धातू बांधून धरण्याचा, आवरण्याचा. जीभ बांधण्याचा नव्हे.

प्लेगमध्येच गेलेल्या आणखी एका माणसाबद्दल मला थोडं थांबून लिहायचंय. नारायण मेघाजी लोखंडे. जोतीरावांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक. मुंबईच्या गिरणी कामगारांची पहिली संघटना त्यांनी उभी केली. आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून त्यांनी काही वर्षं नेट लावला, सभा घेतल्या, अर्ज केले, हजारो सह्या गोळा केल्या. 10 जून 1890 ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्याआधी गिरणी बंद राहायची ती यंत्र साफ करायला किंवा सणाला. माणसाच्या शरीराला विसावा हवा म्हणून बंद, ही कल्पनाच नव्हती. लोखंडे प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना फेब्रुवारी 1897 मध्ये प्लेगनेच गेले. महिन्याभराने पुण्यात सावित्रीबाई तशाच गेल्या.

आता यातली गंमत बघा, तिला गंमत म्हणवत नाही खरं तर. रविवारची सुट्टी मिळाली आणि तिच्यामुळेच सोमवार उघडा पडला.

कापसाच्या धुळीने फुप्फुसाचा एक रोग होतो, त्याला बिसिनोसिस म्हणतात. कापसाच्या गाठी फोडतात ती ब्लो रूम आणि तंतू विंचरतात ते कार्डिंग, या दोन खात्यांत धूळ सगळ्यात जास्त. रोगाची खूण विलक्षण आहे. रविवारी माणूस घरी असतो, छाती मोकळी होते. सोमवारी पाळी सुरू झाल्यावर काही तासांनी छाती आवळल्यासारखी होते, धाप लागते, अंग कसकसतं. मंगळवारी बरं वाटतं. माणूस म्हणतो, काही नव्हतं, रविवारी मच्छी जास्त झाली असेल. काही वर्षांनी मंगळवारही तसाच जातो. मग बुधवार. शेवटी आठवड्याचे सगळे वार सोमवार होतात, आणि मग गिरणी सोडली तरी धाप जात नाही. इंग्लंडात लँकेशरच्या गिरण्यांत याला सोमवारचा ताप म्हणायचे. 1950 च्या दशकात तिथल्या शिलिंग नावाच्या डॉक्टरांनी या रोगाच्या पायऱ्या ठरवल्या, आणि त्या पायऱ्या वारांवरच बेतलेल्या आहेत.

सोमवारी संध्याकाळी अब्बा पहिल्या पाळीवरून आले की दारात बसायचे. खोलीत यायचे नाहीत. चाळीच्या गॅलरीत भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसायचे. आम्ही मुलं त्या वेळी त्यांच्याशी बोलायचो नाही. अम्मी म्हणायची, "आज सोमवार है, रहने दो." मला वाटायचं सगळ्यांच्याच अब्बांचा सोमवार असा असतो. आणि मजल्यावर खरंच बऱ्याच जणांचा तसा होता.

या रोगाबद्दल वाचताना मी सगळ्यात जास्त कुठे थांबले असेन, तर ते या वाक्यापाशी की बिसिनोसिसची क्ष-किरणात ओळखू येईल अशी खास खूण नसते. सिलिकोसिसची असते, क्षयाची असते. याची नाही. पाळीच्या आधी आणि नंतर श्वास मोजला तर फरक कळतो, पण ते करणार कोण? मुख्यतः हा रोग ओळखायचा तो रोग्याच्या सांगण्यावरून. छाती कधी आवळते? कामावर गेल्यावर की घरी? कोणत्या वारी? आणि ज्याने आयुष्यभर 'काही होत नाही मला' हीच आपली ओळख मानली, तो हे सांगणार कसा? त्याच्या सोसण्याच्या ताकदीवरच त्याचा रोग लपून राहतो. क्षयाचा जंतू थुंकीत सापडतो, रोग्याची इच्छा असो नसो. बिसिनोसिस मात्र शब्दांत सापडतो.

परळमध्ये डॉक्टर नव्हते असं कोणी म्हणू शकणार नाही. सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज 1925 मध्ये आणि केईएम 1926 मध्ये सुरू झालं, तेही या अटीवर की तिथे डॉक्टर हिंदी असतील. वाडियांचं प्रसूतिगृह, मुलांचं इस्पितळ, 1941 मध्ये टाटा मेमोरियल, कामगार विम्याचं महात्मा गांधी रुग्णालय. मैल-दीड मैलात एवढी इस्पितळं देशात फार थोड्या ठिकाणी असतील. कापसाच्या धुळीकडे त्यांचं लक्ष गेलं नाही असंही नाही. केईएममधले छातीविकारतज्ज्ञ डॉ. एस. आर. कामत यांनी गिरणी कामगारांतल्या बिसिनोसिसवर आणि मुंबईच्या हवेवर सत्तर-ऐंशीच्या दशकांत मोठं काम केलं. कायदाही होता. 1948 च्या फॅक्टरी कायद्यात कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांची यादी होती, तिच्यात पुढे बिसिनोसिसही आला, आणि असा रोगी आढळला तर डॉक्टरने कळवायचं असायचं. नुकसानभरपाईची तरतूद आहे. त्याच 1948 मध्ये कामगार विम्याचा कायदा झाला, आणि जागतिक आरोग्य संघटनेची घटना लागू झाली. आरोग्य म्हणजे नुसता रोगाचा अभाव नव्हे, असं ती घटना म्हणते. कागदावर सगळं मिळालं होतं.

कागद आणि गॅलरी यांच्यामध्ये आणखी एक गोष्ट होती. 'गावी गेला.' गिरणगावात हे दोन शब्द फार ऐकू यायचे. ज्याला झेपेना तो गावी जायचा. बैलगाडीतून, एसटीतून, बोटीतून. कोकणात आमच्या गावात असे तीन-चार जण तरी माझ्या आठवणीत आहेत, पडवीत बसलेले, धापा टाकणारे. त्यांना तिथे 'मुंबईकर' म्हणायचे. साथरोगाचा अभ्यास करणारे लोक एक साधी गोष्ट सांगतात. कारखान्यात जाऊन तपासलं तर निरोगी माणसंच जास्त सापडतात, कारण आजारी आधीच निघून गेलेली असतात. म्हणून गिरणीतला कामगार काटक दिसायचा. जो काटक नव्हता तो मोजायला तिथे नव्हताच.

सोसण्याची वाटणीही सारखी नव्हती, हे सांगितलं नाही तर माझा लेख अर्धवट राहील. विणकाम खात्यात पगार बरा, पण तिथे दलित कामगारांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यात नवी नळी बसवताना धाग्याचं टोक तोंडाने ओढून भोकातून काढावं लागायचं. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाणार. विटाळ होईल म्हणून मराठा विणकर नको म्हणायचे, आणि सांगायला वाईट वाटतं, मुसलमान विणकरांनीही त्या नकारात भाग घेतला. आमच्यात विटाळ नसतो, हे आपण व्यासपीठावर सांगतो. 1928 च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न धसास लावला. ते तेव्हा परळच्याच बीआयटी चाळीत राहत होते. ज्या धोट्याला जातीमुळे इतकं जपलं, त्याच धोट्यातून तोंडातोंडी क्षय पसरू शकतो, ही भीती वैद्यकाला होती. ज्याची भीती बाळगायला हवी होती त्याची बाळगली नाही, आणि ज्याची बाळगायला नको होती ती पिढ्यानपिढ्या बाळगली.

या सगळ्यावरून कोणाला वाटेल की मी सोसण्याच्या, टिकून राहण्याच्या विरुद्ध आहे. तसं नाही. एमी वर्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हवाईतल्या कवाई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या सगळ्या मुलांचा अनेक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईबापांचे आजार अशा वातावरणात वाढलेल्या मुलांपैकी साधारण तिसरा हिस्सा मुलं तरीही चांगली उभी राहिली. 'रेझिलियन्स' हा शब्द शिक्षणात आला त्यात या अभ्यासाचा मोठा हात आहे. पण प्रशिक्षणात जे सांगत नाहीत ते असं, की त्या मुलांच्या आयुष्यात निदान एक भरवशाचं माणूस होतं. आजी, शेजारीण, शिक्षिका. चेंडू स्वतःच्या बळावर उसळला नव्हता, खाली कोणीतरी हात धरला होता.

परळला असे हात होते. खानावळवाली मावशी दोन महिने पैसे मागायची नाही. गावकरी मंडळाच्या खोलीत तीस-चाळीस जण पाळीपाळीने झोपायचे, एकाच्या वळकटीवर दुसरा, पण आजारी पडलेल्याला कोपरा राखून ठेवायचे. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी कामगारांच्या तोंडून गोळा केलेल्या 'कथा मुंबईच्या गिरणगावाची'मध्ये हे सगळं सापडेल. आमच्या मजल्यावर अम्मी बाळंत झाली तेव्हा समोरच्या मालवणी काकूंनी चाळीस दिवस आमची भांडी घासली होती. त्या काकू घरातल्या सगळ्या पूजा आटोपून यायच्या, आणि आमच्या फातिहाच्या खिरीला वेलची कमी पडली तर आपल्या डब्यातली द्यायच्या.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. नेते दत्ता सामंत, ते स्वतः डॉक्टर, केईएममध्ये शिकलेले. पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणं, औद्योगिक संबंधांचा जुना कायदा रद्द करणं, या मागण्या पुढे होत्या. धूळ पुढे नव्हती. त्यात मी नेत्यांना दोष देत नाही, कामगारांनाच ती मागणी वाटली नसावी. धूळ म्हणजे नशीब होतं आणि पगार म्हणजे हक्क. अब्बा तेव्हा गावी गेले, शेती केली, आणि अम्मी सांगते की त्या दीड वर्षात ते रात्री खोकले नाहीत. हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. सगळं घर उपाशी असताना अब्बांचा खोकला थांबलाय, याची नोंद कोण ठेवणार? नंतर गिरणीने थोड्यांना परत घेतलं, त्यात ते आले. पहिल्याच सोमवारी ते पुन्हा गॅलरीत बसले. आम्ही 93 नंतर मुंब्र्याला गेलो. त्याची गोष्ट वेगळी, तिच्यावर मी पूर्वी लिहिलं आहे. अब्बा तिथूनही लोकलने दोन वर्षं कामावर जात राहिले, गिरणीचा भोंगा कायमचा बंद होईपर्यंत.

आता त्या जागांवर काचेच्या इमारती आहेत आणि सोसण्याला नवं नाव मिळालं आहे, मुंबई स्पिरिट. 26 जुलै 2005 ला सांताक्रुझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, दुसऱ्या दिवशी स्पिरिट. 11 जुलै 2006 ला लोकलमध्ये बॉम्बस्फोट, दुसऱ्या दिवशी गाड्या भरून गेल्या, स्पिरिट. गेलो कारण रजा नव्हती, हे वर्तमानपत्रात आलं नाही. 29 सप्टेंबर 2017 ला सकाळी पावसात एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्टेशनांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी झाली, 23 जण गेले. तो जिना गिरणगावाच्या काळातल्या गर्दीला पुरायचा. गिरण्यांच्या जमिनींवर ऑफिसं उभी राहिली, लाखो माणसं त्याच जिन्याने चढउतार करायला लागली, जिना तेवढाच राहिला. नवा पूल हवा अशी मागणी आधीपासून होती. दुर्घटनेनंतर लष्कराने काही महिन्यांत तिथे पूल उभा केला. लोक इतकी वर्षं धक्के खात, हसत, एकमेकांना सांभाळत त्या जिन्यावरून गेले, आणि लोक जाताहेत म्हणजे जिना चालतोय, असाच त्याचा अर्थ लावला गेला.

अब्बांना मी 1996 च्या पावसाळ्यात एका मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले होते. तेव्हा मी अकरावीत होते. भाईजान कामावर, अम्मीला मराठी नीट यायचं नाही, म्हणून मी. चार तास रांगेत उभे राहिलो. डॉक्टर तरुण होते, थकलेले होते, बोलणं मात्र प्रेमळ.

"चाचा, काय त्रास होतो?"

"काय नाय," अब्बा म्हणाले. "ठीक हाय. ही पोरगी घेऊन आली."

डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढायला पाठवलं, फोटो पाहिला, क्षय नाही म्हणाले. खोकल्याचं औषध लिहून दिलं, बिडी सोडा म्हणाले. अब्बांनी जन्मात बिडी ओढली नव्हती, पण त्यांनी मान हलवली. मोठ्या माणसाला उलटून सांगायचं नसतं. मला सोमवार माहीत होता. पण तो सांगण्यासारखा असतो, हे माहीत नव्हतं. अब्बा बोलत असताना मध्ये बोलायची आमच्यात रीतही नव्हती.

बर्नार्दिनो रामाझिनी नावाचा एक इटालियन वैद्य होऊन गेला. 1700 साली त्याने कामकऱ्यांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. रोग्याला विचारायच्या प्रश्नांत वैद्याने आणखी एक घालावा, असं त्याने त्यात म्हटलंय. तू काम काय करतोस? मी हे वाचलं ते अब्बा गेल्यानंतर, 2009 नंतर. त्या दिवशी घरी येऊन मी ट्रंकेतून त्यांचे कागद काढले. गिरणीचा पास, पीएफची पावती, आणि प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला तो केसपेपर. नाव, वय, लिंग भरलेलं आहे. खाली 'व्यवसाय' असा रकाना आहे. गिरणी बंद होऊन तेव्हा वर्षभर झालं होतं, आणि खिडकीवरच्या कारकुनाने विचारलं तेव्हा अब्बांनीच उत्तर दिलं असणार. निळ्या शाईत लिहिलंय, काही नाही.